एक ओळ बाईंची

श्रावण निम्मा सरला होता. पालमच्या विहारात त्या दिवशीचे ग्रंथवाचन आटोपले, ग्रंथ पुन्हा पांढऱ्या रुमालात बांधला गेला आणि रोजच्याप्रमाणे सुकेशनीबाईंनी डोळे मिटून शेवटचा पाली पाठ म्हणायला घेतला. बाईंनी एक चरण म्हणायचा आणि समोर सतरंजीवर बसलेल्यांनी तोच मागून म्हणायचा, अशी रीत होती. विहारावर पत्रे होते आणि बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने लागल्या होत्या, तेव्हापासून वर्षावासाचे, म्हणजे आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा असे, तीन महिने हा पाठ बाईच सांगत आल्या होत्या. कागद त्यांनी कधी हातात धरला नव्हता.

त्या संध्याकाळी मधली एक गाथा संपली आणि पुढची यायच्या ऐवजी मागे होऊन गेलेली आली. कुणाच्या ध्यानात आले नाही. माणसे विश्वासाने म्हणत राहिली. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा बाई मागे वळल्या, आणि घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा सगळा विहार त्याच दोन-तीन गाथांभोवती फिरू लागला. पुढच्या रांगेत बसलेल्या पिंकीने एक डोळा उघडून बाईंकडे पाहिले. पिंकी शेजारच्या घरात शिवणकाम करी. बाईंच्याच हाताखाली शिकलेली. तिने शेजारणीला कोपर मारले. कुणीतरी तोंडाला पदर लावला. अखेर मागे, चपलांजवळ बसलेले बाईंचे यजमान दत्तराव मोठ्याने खोकले.

बाईंनी डोळे उघडले. फळ्यापाशी अडलेल्या मुलाकडे वर्ग ज्या नजरेने बघतो, ती नजर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली होती. आज ती त्यांच्याकडे वळली होती. त्यांनी हात जोडले आणि 'साधु, साधु, साधु' असा साधुकार देऊन पाठ तिथेच संपवला.

बाहेर पायरीवर सिद्धोधन आडवा आला. स्टँडजवळ त्याचे मोबाइलचे दुकान होते आणि विहार समितीचा तो सचिव होता.

"बाई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल की."

"आश्विन पौर्णिमेला समारोपाला भंतेजी येणारेत. गंगाखेडची, लोह्याची माणसं येतील. मी म्हणत होतो, त्या दिवशी पाठ स्पीकरवर लावू. माझ्याकडं लय चांगलं रेकॉर्डिंग हाय. तुमाला बी तेवढाच आराम."

"आराम कुणी मागितला तुला?"

"तसं न्हाई बाई…"

"बाराखडी तुला कुणी शिकवली?"

"तुमीच."

"तवा मशीन लावलं होतं का?"

दत्तराव हसले. सिद्धोधनही हसला, पण जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता, काळजीच होती. आणि बाईंना तीच जास्त बोचली.

"पौर्णिमेला पाठ मी म्हणणार," त्या म्हणाल्या. "कागदाबिगर. म्हणत आले तसाच."

घरी जाताना त्यांना आईच आठवत होती. झरीला माहेरी त्यांची आई शेवटची काही वर्षे अशीच मागे मागे जात राहिली होती. आधी भाजीत मीठ दोनदा पडे, मग गल्ली चुके, आणि एका दुपारी तिने स्वतःच्या लेकीला विचारले होते, "तुमी कुणाच्या म्हणायच्या?" ती दुपार बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. दत्तरावांना ती ठाऊक होती, कारण ते तेव्हा दारातच उभे होते.

त्यांनीच मग अर्पिताला फोन केला. अर्पिता ही बाईंच्या भावाची मुलगी. परभणीच्या एका महाविद्यालयात ती जीवरसायनशास्त्र शिकवी. रविवारच्या एसटीने ती आली आणि पिशवीतून हिरव्या चहाचा डबा काढून तिने आत्यापुढे ठेवला.

"ह्याच्यानं काय होतं?" बाईंनी विचारले.

"नेहमीच्या चहाची पानं काळी पडू देतात. ही तशी पडू देत नाहीत, म्हणून त्यांच्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं शाबूत राहतात. म्हाताऱ्या उंदरांना ती दिली, तर शिकलेली वाट ते जास्त चांगली लक्षात ठेवतात, असं काही प्रयोगांत दिसलंय."

"उंदरांचं राहू दे. माणसांचं सांग."

"माणसांचं पक्कं नाही, आत्या. जपानात रोज हिरवा चहा पिणाऱ्या वयस्कर लोकांत विसरण्याचं प्रमाण कमी आढळलं. पण ते चहामुळं, का त्यांच्या एकूण राहणीमुळं, हे सांगता येत नाही. औषध म्हणून बघू नकोस."

"म्हणजे पास बी न्हाई, नापास बी न्हाई."

"निकाल राखून ठेवलाय म्हण."

"मग बसते मी परीक्षेला," बाई म्हणाल्या आणि डबा उचलून त्यांनी छातीशी धरला.

परतीच्या गाडीत चढताना अर्पिताने आत्याला पुन्हा बजावले. पाणी उकळून खाली उतरवायचे, मग पाने टाकून झाकायचे. दूध नाही, साखर नाही. दिवसातून एखाद-दुसरा कप, जास्त नाही. बाईंनी मान डोलावली. पण त्या घरात चहा बाई करत नसत. पहाटेच्या गाडीने त्या शाळेला निघत त्या काळापासून चूल दत्तरावांकडे होती. एसटीच्या कार्यशाळेत उभा जन्म गेलेल्या त्या माणसाचा चहाही वंगणासारखा दाट असे. अर्पिताने सांगितलेले त्यांच्या कानावर घालायचे बाईंनी ठरवले होते. घरी येईपर्यंत त्या ते विसरल्या.

दुसऱ्या दिवशी दत्तरावांनी आले ठेचले, दूध, साखर आणि मूठभर हिरवी पाने एकत्र केली आणि तीन उकळ्या येऊ दिल्या. पेल्यात जे उतरले त्याचा रंग शेवाळलेल्या हौदासारखा होता.

"हे काय झालं?" बाईंनी विचारले.

"तुझा मेंदूचा चहा."

"असा असतोय?"

"उंदरं पितात, आन् तुला पिववंना का?"

बाईंनी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. आठवडाभर त्या तो चहा पीत राहिल्या. मग एका संध्याकाळी अर्पिताचा व्हिडिओ कॉल आला, दत्तरावांनी अभिमानाने पातेले पुढे धरले, आणि तिकडे ती कपाळावर हात मारून हसत सुटली.

"मामा, अहो, बासुंदी केलीत तुम्ही त्याची!" आत्याच्या नवऱ्याला ती मामाच म्हणे. "दुधातली प्रथिनं त्या द्रव्यांना धरून ठेवतात. नुसत्या गरम पाण्यात करा."

"आपल्या घरात कोरा चहा दूध नासल्यावर होतो, पोरी," दत्तराव पुटपुटले. पण त्या दिवसापासून त्यांनी दूध वगळले.

चहा आता कडू लागू लागला आणि बाईंचा त्याच्यावरचा विश्वास वाढला. कच्च्या मुलाला त्या नेहमी दुप्पट अभ्यास देत आल्या होत्या. स्वतःला त्यांनी वेगळा न्याय लावला नाही. सकाळच्या भाकरीबरोबर एक पेला, दुपारच्या जेवणाबरोबर एक, रात्री एक, आणि पाने अशी भरघोस की पाणी तपकिरी व्हावे. आषाढात गावात आरोग्य शिबिर झाले होते. तिथे रक्त कमी म्हणून लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या होत्या, जेवण झाल्यावर घ्यायच्या. दत्तराव एका हातावर गोळी ठेवत आणि दुसऱ्या हातात वाफाळता पेला देत. दोन्ही औषधे एकाच घोटात जात, आणि आपण काही कसूर करत नाही याचे दोघांनाही समाधान वाटे.

विहारात पाठ काही दिवस सरळ जाई, काही दिवस फिरे. फिरला, की दत्तराव खोकत. पुढेपुढे ते खोकू लागले, की माणसे आपसूकच थांबत. पिंकी एकदा म्हणालीही, "मामांचा खोकला म्हंजी गाडीचा ब्रेक हाय."

भाद्रपद संपत आला तशी बाईंना विहाराची पायरी चढताना धाप लागू लागली. दुपारी डोक्यात कापूस भरल्यासारखे होई. एरवी हटकून आठवणारे शब्द ओठाशी येऊन परत जात. त्यांनी चहाची पाने वाढवली.

एके सकाळी पिंकी शिवलेला ब्लाउज घेऊन आली. बाईंनी तिच्याकडे पाहिले. ही पोर तिसरीत दाराजवळ बसे. हिला सातचा पाढा येत नसे. हिची आई शेंगा विकी. हिचे लग्न मोडता मोडता राहिले. सगळे आठवत होते. नाव आठवत नव्हते.

"बस ना गं… बस," त्या म्हणाल्या.

पिंकी बसली नाही. ब्लाउज खाटेवर ठेवून ती हळूच म्हणाली, "मी पिंकी, बाई."

"म्हाईत हाय मला!" बाई तुटकपणे म्हणाल्या.

पिंकी गेल्यावर त्या उठल्या, धुवट साडी नेसल्या आणि दत्तरावांना म्हणाल्या, "चला. दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? कामून? दुखायलंय का काही?"

"दुखायची वाट बघू का?"

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बोलावले. अहवाल हातात घेऊन त्यांनी विचारले, "गोळ्या घेता का नियमित?"

"एक बी चुकवली न्हाई," दत्तराव म्हणाले.

"मग रक्त आणखी उतरलं कसं? कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. ह्यांच्या मेंदूच्या."

तो मेंदूचा चहा म्हणजे काय, हे समजून घ्यायला डॉक्टरांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी पेन खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितले ते असे: चहातली ती द्रव्ये लोहाला चिकटतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. एखादा कप मधल्या वेळी घेतला तर बिघडत नाही. पण गोळी त्याच्यासोबत, जेवण त्याच्यासोबत, तोही इतका कडक, म्हणजे गोळी गिळली काय आणि फेकली काय, सारखेच. शिवाय बी-बारा जीवनसत्त्वही कमी आले होते. त्याची इंजेक्शने घ्यावी लागतील, आणि रक्त मुळात का कमी पडते हेही तपासावे लागेल.

"म्हणून विसरायली का मी?" बाईंनी विचारले.

"काही भाग त्यामुळं असेल. किती, ते आज सांगता येणार नाही. वयानं किती, दुसऱ्या कशानं किती, हे रक्त भरल्यावर परभणीला तपासून घेऊ."

"पौर्णिमेपतुर भरंल का?"

"इतक्या लवकर नाही, आजी."

आजी म्हणवून घेणे बाईंना आवडत नसे. त्या दिवशी ते त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाही.

वाटेत दत्तराव रसवंतीच्या बंद टपरीपाशी थांबले. टपरीचा खांब धरून म्हणाले, "म्हंजी मीच तुला… माझ्या हातानं."

"तुमी दिलं, मी पिलं. पानं कुणी वाढवली?"

"मला काय कळतंय गं त्यातलं. मी निस्ता मशीनगत उकळत बसलो."

"आता चूक कळली ना? कळलेली चूक परत करायची न्हाई. चला, ऊन व्हायलंय."

अर्पिता फोनवर रडली. गोळ्यांचे आपण विचारायला हवे होते, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाईंनी तिला रडू दिले आणि मग विचारले, "चहा दुपारी चार वाजता घेतला आन् गोळी सकाळी, तर चालतंय का?"

"चालतं. पण आत्या, आता कशाला तो चहा?"

"निकाल राखून ठेवलाय म्हणलीस ना? मग मी पेपर अर्धा टाकून उठू का?"

गोळीची वेळ दत्तरावांनी सांभाळायची, असे ठरले. पण खरा पेपर वेगळाच होता आणि त्याला तीनच आठवडे उरले होते. बाई दुपारभर खाटेवर बसून आपल्याच पाठाकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. त्या पाठातली प्रत्येक गाथा चार चरणांची, म्हणजे दोन ओळींची होती आणि शेवटचा चरण सगळ्या गाथांना एकच होता. शब्द त्यांना आठवत होते. एकदा गाथा सुरू झाली, की ती आपोआप तोंडातून वाहत जाई. घोटाळा शेवटच्या चरणापाशी होत होता. तो सगळीकडे सारखाच असल्याने, तिथे पोचले की आपण कोणत्या गाथेतून आलो हेच हरवत होते आणि पाय सापडेल त्या वाटेला लागत होते.

हे कळले तेव्हा त्यांना शाळा आठवली. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसत. एका वर्गाला गणित घालून द्यायचे आणि दुसऱ्याला कविता सांगायची, हे एकाच तोंडाने व्हायचे नाही; म्हणून बाईंनी पद्धत काढली होती. एक ओळ बाईंची, एक ओळ पोरांची. बाई गणितवाल्यांकडे वळल्या, की पोरे त्यांचीही ओळ म्हणून टाकत. साहेब आले म्हणून बाई दाराशी गेल्या तरी कविता थांबत नसे. मराठी महिन्यांची नावे तर त्यांनी पोरांनाच वाटून दिली होती. दाराजवळचा चैत्र, त्याच्या शेजारचा वैशाख. चैत्र विसरला, तर शेजारी बसलेला वैशाख त्याला ढोसत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी पिंकीला आणि गल्लीतल्या आणखी काही जणींना विहारात बोलावले. दत्तराव थर्मासमधून हिरवा चहा घेऊन आले. बायांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकींकडे पाहिले.

"कडू लिंबाचा पाला उकळला का, मामा?"

"मला इचारू नका. मी आता निस्ता हमाल हाय."

हसणे ओसरेपर्यंत बाई थांबल्या. पुढचे वाक्य त्यांनी रात्रीपासून मनात अनेकदा जुळवले होते; बोलायची वेळ आली तेव्हा ते साधेच निघाले.

"मला विसर पडायलाय," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसतंयच. रक्त कमी हाय, ते भरंल. बाकीचं काय होईल म्हाईत न्हाई. पौर्णिमेला पाठ मशीन म्हणणार न्हाई, मी म्हणणार. पण एकटीला जमणार न्हाई. तुमी मला निम्मा पाठ उचलू लागा."

मग पिंकीने सतरंजीवरची आपली जागा सोडली आणि ती पुढे सरकून बसली. "सांगा बाई, कोणता निम्मा?"

पहिला प्रयत्न फसला. बाईंनी शाळेतल्यासारखीच वाटणी केली, पहिली ओळ आपली, दुसरी बायांची. त्यामुळे शेवटचा, सारखा येणारा चरण बायांकडे गेला आणि त्यानंतर नवी गाथा उचलायची ती बाईंनाच. पुन्हा तोच खड्डा, पुन्हा त्याच पडल्या. त्या चिडून उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथून वळून म्हणाल्या, "उलटं करू. आधी तुमी."

आता प्रत्येक गाथेची पहिली ओळ बायांकडे गेली. बाईंनी गाथा वाटूनच टाकल्या. ही पिंकीची, ही तिच्या शेजारणीची, ही त्यापुढची. आपली गाथा आली, की जिची असेल तिने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी तिला धरून घ्यायचे. क्रम कुणीच पाठ करायचा नव्हता. तो रांगेत बसला होता. सारखा येणारा चरण बाईंकडे आला, आणि तो काही कधी चुकणार नव्हता.

सिद्धोधनला हे कळले तेव्हा तो दुकान पोराच्या भरवशावर सोडून आला. "बाई, पाठ असा वाटून कुणी म्हणतं का? भंतेजी काय म्हणतील?"

"भंतेजींनी पाठ ऐकायचा हाय, का माझी परीक्षा घ्यायची हाय?"

"आन् मधीच अडलं तर?"

"अडलं तर बघू."

"मी स्पीकर तयार ठेवतो. निस्ता तयार. लावणार न्हाई."

"ठेव बाबा. आभाळ आलं की छत्री नेतोच की आपण. पण मी सांगितल्याबिगर उघडायची न्हाई."

तीन आठवडे रोज दुपारी विहारात तो पाठ घोटला गेला. शिवणयंत्रावर पाय हलवता हलवता पिंकी आपली ओळ म्हणे. बाईंनी इंजेक्शने घेतली, गोळ्या सकाळी पाण्याबरोबर घेतल्या, चारचा चहा सोडला नाही. रांगेतली एखादी अडली, की बाई तळहात वर करीत. त्या खुणेसरशी आधीची ओळ सगळ्यांनी पुन्हा म्हणायची. धाप अजून लागत होती. नावे अजून निसटत होती. पण निसटलेल्या नावामागे धावणे बाईंनी सोडले होते. समोरच्याला त्या सरळ विचारून टाकत.

आश्विन पौर्णिमेला विहार पांढऱ्या साड्यांनी भरून गेला. मागच्या अंगणात खिरीचे भगोणे रटरटत होते. अर्पिता परभणीहून आली होती. बायांची रांग ठरल्याप्रमाणे बसली, आणि एवढ्यात लोह्याकडची एक जाडजूड म्हातारी रांगेच्या बरोबर मधोमध येऊन बसली. पिंकीने तिला मागे सरकायला सुचवून पाहिले.

"मला मागून ऐकू येत न्हाई, लेकी," म्हातारी म्हणाली आणि तिने मांडी घातली.

बाईंनी पिंकीला डोळ्यांनीच राहू दे म्हटले. निघताना त्यांनी दत्तरावांना बजावले होते, "आज खोकायचं न्हाई." दत्तराव तोंडात लवंग धरून चपलांजवळ बसले.

भंतेजींनी पंचशील दिले. मग बाईंनी हात जोडले, आणि पिंकीच्या बारीक आवाजात पहिली ओळ सुटली. बाकीच्या बाया तिला येऊन मिळाल्या. बाईंनी पुढची ओळ म्हटली. गाथेमागून गाथा रांगेतून सरकू लागली. म्हातारीपाशी आल्यावर ती तिला ओलांडून पलीकडे गेली. ज्या जागी श्रावणात विहार फिरत राहिला होता, ती जागा आली आणि मागे पडली.

त्यानंतर, सगळे सुरळीत आहे असे वाटत असतानाच, बाईंची ओळ आली नाही.

बायांची ओळ संपली होती. बाईंनी आत शोधले. तिथे सारवून ठेवलेल्या भिंतीसारखे सगळे सपाट होते. भिंतीशी उभ्या असलेल्या सिद्धोधनचा अंगठा मोबाइलवर टेकलेला त्यांना दिसला. दत्तरावांचा हात तोंडावर होता. अर्पिता डोळे मिटून बसली होती. बाईंनी सिद्धोधनकडे पाहिलेच नाही असे केले आणि तळहात वर केला.

बायांनी आपली ओळ पुन्हा म्हटली. काही आले नाही.

बाईंचा हात खाली आला नव्हता. आईचा चेहरा त्यांच्या समोरून गेला. त्यांनी तो जाऊ दिला. हात त्यांनी आणखी वर केला, वर्गात मागच्या रांगेला दिसावा म्हणून करीत तसा. बायांनी तिसऱ्यांदा, या वेळी सावकाश, शब्द मोकळे करीत ती ओळ म्हटली. पिंकी म्हणताना बाईंच्या तोंडाकडे बघत होती, सातच्या पाढ्याच्या वेळी बघायची तशी. ओळीतला शेवटचा स्वर विरला आणि त्याला लागूनच, जणू ती तिथेच होती, बाईंची ओळ आली.

पुढच्या गाथा त्यांनी डोळे उघडे ठेवून म्हटल्या.

साधुकार झाल्यावर म्हातारी पिंकीकडे वाकली. "तुमच्या पालमला ती मधली ओळ तीनदा म्हणतात का गं? बरं वाटलं ऐकायला."

त्रिशरणही तीनदाच म्हणतात. तिला त्यात काही खटकले नव्हते. पिंकीने ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. भंतेजी निघताना बाईंना म्हणाले, "फार सावकाश म्हटलात. शब्द कळले." सिद्धोधनने स्पीकरची वायर काढली, ती कोपरावर गुंडाळली आणि तो खीर वाढायला गेला.

दुसऱ्या दिवशी वर्षावास संपलेला होता. विहारात कुणी जमायचे कारण उरले नव्हते. तरी बाईंनी निरोप धाडला होता आणि चार वाजता बाया आल्या. अर्पिता अजून परतली नव्हती. तीही मागे येऊन बसली.

"आज बाईंची ओळ पिंकी म्हणणार," बाई म्हणाल्या.

"मी? बाई, आता कशाला? झाला की समारोप."

"औंदाचा झाला. पुढच्या वर्षी परभणीचे डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, पाठ व्हायला पाहिजे. ऊठ. माझ्या जागी ये."

"मला तुमची ओळ येत न्हाई."

"मला तरी काल कुठं येत होती? ऊठ म्हणते ना."

पिंकी उठली. बाई सतरंजीवर तिच्या जागी, रांगेच्या तोंडाशी जाऊन बसल्या आणि पहिली ओळ त्यांनी सगळ्या बायांबरोबर म्हटली. पिंकीला पहिल्या गाथेची ओळ जमली, दुसऱ्या गाथेला ती अडली. रांगेतून बाईंचाच तळहात वर झाला.

दारात दत्तराव थर्मास घेऊन उभे होते. "कोरा का दुधाचा?"

"तुमाला दुधाचा, आमाला कोरा. आन् माझी गोळी?"

"सकाळी झाली."

"झाली?"

"झाली गं."

बाईंना ती घेतल्याचे आठवत नव्हते. त्यांनी दत्तरावांकडे एकदा पाहिले, मान हलवली आणि समोर वळल्या.

"हं, पिंकी. आमी म्हणतो, तू पुढं हो."